जामीनदार

‘सरकारी नोकरीतला एखादा जामीनदार आणा, मग बघू.’ बँकेतलं हे वाक्य आठवलं की अजून डोकं तापतं.

नांदेडला आयटीआयला वीजतंत्री केलं, चाकणला अप्रेंटिसशिप, पुढं ठेकेदाराकडं काम. ते असो. अहमदपूरजवळच्या आमच्या गावात मोटारी जळायच्या आणि रिवाइंडिंगला तालुक्याला न्याव्या लागायच्या, म्हणून गावातच दुकान टाकायचं ठरवलं.

2019 मध्ये मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आलेला. ग्रामीण भागात खुल्या गटाला 25 टक्के, विशेष गटाला 35 टक्के अनुदान. जिल्हा उद्योग केंद्राची शिफारस मिळाली. वाइंडिंग मशीन, चेन पुली, तांब्याची तार, सगळ्यांची कोटेशनं जोडली. मॅनेजरनं ती उलटूनसुद्धा पाहिली नाहीत. जमीन किती, घरात नोकरीला कोण, एवढंच विचारलं. लहान उद्योगाच्या दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, हा रिझर्व्ह बँकेचा तेव्हाचा नियम मी छापून नेला होता. तर म्हणाला, ‘तारण कुठं मागतोय? जामीनदार मागतोय.’

गावात नोकरदार दोनच. गुरुजी आधीच तिघांना जामीन होते. ग्रामसेवकाकडं चहा तेवढा मिळाला. नोकरी नाही म्हणून धंदा करू पाहणाऱ्यानं नोकरीवाल्याच्या दारात उभं राहायचं! शेवटी आईच्या पाटल्या गहाण ठेवल्या. ते कर्ज मात्र दुपारच्या आत हातात.

आता आयटीआयवाले मला ‘उद्योजक’ म्हणून बोलायला बोलावतात. धंदा कोण करणार विचारलं की हात वर होतो तो मामाचं गॅरेज किंवा बापाचं वेल्डिंगचं दुकान असलेल्याचा. बाकीच्यांचं ध्यान महावितरणच्या भरतीत. हरंगुळच्या रेल्वे कोच कारखान्याचं नाव निघालं की अख्खा वर्ग जागा होतो. लातुरात एका पोरानं विचारलं, ‘सर, दुकानवाल्याला पोरगी कोण देतंय?’ मला राग आला. पण भाचीला गॅरेजवाल्याचं स्थळ आलं तेव्हा ‘पर्मनंट काय हाय?’ असं मीच विचारलं होतं.

आयटीआयवाल्यांना माझं सांगणं एवढंच: योजनांची व्याख्यानं जरा कमी करा आणि पोरांना उधारी वसूल करायला शिकवा. मोटार ऐन पाणी द्यायच्या वेळी जळते. शेतकऱ्याला ती संध्याकाळपर्यंत हवी असते, पैसे हरभरा विकल्यावर. तांब्याची तार मात्र रोखीनंच आणावी लागते.