फुली

शाळेच्या वहीत फुली दिसली की जीव खट्टू व्हायचा. गुरुजींच्या लाल शाईतल्या त्या दोन तिरक्या रेघा म्हणजे चुकलं, पुन्हा लिही. यादीतल्या नावावर फुली पडली की तो माणूस वगळला गेला. आपल्या भाषेने फुलीला कधी चांगलं काम दिलंच नाही. तिला मान मिळालेला मी एकाच ठिकाणी पाहिला, आगगाडीच्या शेवटच्या डब्यावर.

माझे एक मामा नगर जिल्ह्यातल्या एका लहानशा स्टेशनात सांधेवाले होते. एकेरी मार्ग, दोन रूळ जास्तीचे, एक लिंबाचं झाड आणि पाण्याचा रांजण, एवढंच स्टेशन. न थांबणारी मेल धडधडत जायची तेव्हा मास्तर फलाटावर हिरवी झेंडी धरून उभे असायचे आणि मामा पलीकडच्या बाजूला. इंजिन निघून गेलं, डबेही निघून गेले, तरी मामांची मान गाडीमागे वळत राहायची. एकदा मी विचारलं, “मामा, गाडी तर गेली. आता काय बघताय?”

“फुली,” मामा म्हणाले. “इंजिन आलं म्हणजे गाडी आली असं नसतं बाळा. फुली आली की गाडी आली.”

रेल्वेचं सगळं काम या वाक्यावर उभं आहे, हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

डब्याच्या पाठीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढलेली ती भलीमोठी फुली, बहुधा पिवळी, कधी पांढरी. तिच्या सोबतीला हुकाला अडकवलेली ‘एलव्ही’ अक्षरांची पाटी असते. या पाठीमागे डबा नाही, एवढाच त्या दोन अक्षरांचा अर्थ. अंधारात रंग कामाचा नसतो, म्हणून रात्री तिच्या जागी लाल दिवा बोलतो. पूर्वी तो रॉकेलचा असायचा, आता उघडझाप करणारा विजेचा आहे. गाडीत बसलेल्या प्रवाशाला फुली कधीच दिसत नाही. गाडी पकडायला धावणाऱ्याला ती दिसते, पण तेव्हा गाडी चुकलेली असते. ती असते ती मागे राहणाऱ्यांसाठी, मास्तर, सांधेवाला आणि फाटकवाला यांच्यासाठी.

दोन स्टेशनांमधल्या मार्गाला रेल्वेत ब्लॉक सेक्शन म्हणतात. त्यात एका वेळी एकच गाडी, हा मूळ नियम. मामांच्या स्टेशनात तेव्हा गोळ्याचं यंत्र होतं. पुढच्या स्टेशनने लाईन क्लिअर दिली की यंत्रातून धातूचा एक गोळा बाहेर पडायचा. चामड्याच्या पिशवीत घालून, वेताच्या मोठ्या कड्याला बांधून तो ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. गोळा हातात नसेल तर गाडी पुढे न्यायची नाही. एक गोळा बाहेर असेपर्यंत दुसरा निघायचाच नाही. गाडी पुढच्या स्टेशनात पोचली की गोळा तिथल्या यंत्रात जायचा आणि मार्ग पुन्हा मोकळा व्हायचा. पण त्याआधी मास्तरांनी फुली पाहिलेली असली पाहिजे. गोळा ही जाण्याची परवानगी, फुली ही पोचल्याची खूण. पाटीवर आम्ही फुली-गोळा खेळायचो, तोच खेळ इथे माणसांच्या जिवासाठी मांडलेला होता.

कारण गाडी तुटू शकते. कपलिंग सुटलं तर पुढचा भाग इंजिनासकट स्टेशनात येतो आणि मागचे डबे रानात उभे राहतात. आता हवेची नळी तुटली की दोन्ही तुकड्यांना आपोआप ब्रेक लागतात, त्यामुळे डबे सहसा घसरत जात नाहीत. पण ते मार्गात उभे असतात, आणि मार्ग मोकळा समजून मास्तरांनी मागची गाडी सोडली तर ती त्यांच्यावरच जाऊन आदळेल.

जगाला हा धडा फार महाग पडला. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधल्या आर्मा गावातून रविवारच्या शाळेतल्या मुलांना सहलीला नेणारी गाडी निघाली. चढावर इंजिनाला ओझं झेपेना, म्हणून गाडी मध्येच सोडवून पुढचे काही डबे आधी वर न्यायचं ठरलं. सोडवलेल्या डब्यांचे ब्रेक इंजिनापासून तुटताच निकामी झाले. चाकांखाली दगड लावले होते, पण डबे घरंगळले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसं गेली, त्यांत कितीतरी मुलं. तेव्हा तिथे गाड्या घड्याळाकडे बघून ठरावीक अंतराने सोडत असत. पुढची गाडी नीट पोचली की नाही, हे विचारण्याची सक्ती नव्हती. त्याच वर्षी ब्रिटनच्या संसदेने कायदा करून ब्लॉक पद्धत आणि आपोआप लागणारे ब्रेक बंधनकारक केले.

आपल्या फुलीमागे ही मुलं उभी आहेत, असं मला वाटतं.

तिचा दुसरा मोठा गुण म्हणजे तिला भाषा लागत नाही. मास्तर आंध्रातला, गार्ड बिहारचा, सांधेवाला आमच्या नगरचा, असं चित्र कुठल्याही स्टेशनात दिसतं. ताशी शंभर किलोमीटरने सुटलेल्या गाडीशी बोलायला वेळ कुणाकडे आहे? वाक्य कितीही सोपं असलं तरी ते ऐकावं लागतं, आणि घाईत एखादा शब्द निसटतो. फुली क्षणभर दिसली तरी पुरते. तिच्याकडे सांगायला एकच गोष्ट आहे आणि ती एकाच पद्धतीने सांगते. कामाच्या जागी खुणा कशा असाव्यात हे कुणाला शिकायचं असेल, तर मी त्याला आधी हिच्याकडे पाठवीन.

तिचं न दिसणं तर आणखी मोठ्याने बोलतं. शेवटच्या डब्यावर खूण दिसली नाही की मास्तर घंटीच्या ठरलेल्या ठोक्यांनी दोन्हीकडच्या स्टेशनांना कळवतात. पुढच्याने गाडी थांबवून तपासायची आणि मागच्याने दुसरी सोडायची नाही. कदाचित पाटी लावायची राहून गेली असेल, दिवा विझला असेल. पण गाडी पूर्ण आली याची खात्री होईपर्यंत तो मार्ग अडलेलाच धरायचा.

आता बऱ्याच मार्गांवर आस मोजणारी यंत्रं बसली आहेत. आत किती आस शिरले, बाहेर किती पडले, हे मोजून ती मार्ग मोकळा असल्याचं सांगतात. दोन्ही टोकांना केबिन असलेल्या वंदे भारतसारख्या गाड्यांवर रंगवलेली फुली नसते, तिथे मागचे लाल दिवेच तिचं काम करतात. जानेवारी २०२२ पासून गार्डचं पद ‘ट्रेन मॅनेजर’ झालं. तरीही शेवटच्या डब्याला खूण हवीच, हा नियम कायम आहे. यंत्र आलं म्हणून माणसाने मान वळवणं सोडू नये, असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या खेपेला बंद फाटकात अडकलात तर इंजिन गेल्या गेल्या दुचाकीला किक मारू नका. शेवटचा डबा येऊ द्या आणि फाटकवाल्याकडे बघा. त्याच्या हातातली हिरवी झेंडी फुली पुढे जाईपर्यंत खाली येत नाही.