हात ओढू नका

घरातील वृद्ध माणूस अंथरुणातून उठू लागले, की आपण त्याचा हात धरतो आणि ओढतो. पक्षाघाताने उजवी बाजू लुळी पडलेल्या माझ्या आईला मी तीन आठवडे असेच उठवीत होते. त्यात माया होती, जाण नव्हती. पुढे तिचा उजवा खांदा इतका दुखू लागला, की पोलक्याची बाही चढवतानाही ती डोळे घट्ट मिटून घेई.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला बोल लावला नाही. सांधे समजावून दिले. कोपर हा बिजागरीचा सांधा; दाराच्या फळीसारखा तो एकाच रेषेत उघडतो व मिटतो. मानेचा पहिला मणका दुसऱ्याच्या खुंटीभोवती फिरतो, म्हणून आपल्याला मान हलवून ‘नको’ म्हणता येते. खुबा आणि खांदा दोन्ही उखळीचे. परंतु खुब्याचे उखळ खोल, तर खांद्याचे बशीसारखे उथळ. खुब्याने देहाचा भार पेलायचा असतो, खांद्याने हात चहूबाजूंना फिरवायचा असतो. या उथळ सांध्याला जागच्या जागी धरून ठेवतात ते प्रामुख्याने भोवतालचे स्नायू आणि अस्थिबंध. पक्षाघातात ते स्नायूच दुबळे होतात. मग हाताचे स्वतःचे वजनही खांद्याला खाली खेचते. त्यात आपण ओढले, तर काय होत असेल, याचा विचार आपणच करावा.

म्हणून रुग्णास प्रथम खाटेच्या कडेशी आणावे. पावले जमिनीला पूर्ण टेकलेली आणि गुडघ्यांच्या किंचित मागे असावीत. त्यास कमरेतून पुढे झुकू द्यावे आणि आपला आधार कमरेला व पाठीला द्यावा. काखेत हात घालून उचलू नये. बसल्यावर लुळा हात उशीवर ठेवावा, लोंबकळू देऊ नये. मात्र भीतीपोटी सांधा निश्चलही ठेवू नये. सांध्यातील कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात; तिचे पोषण सांध्यातल्या द्रवातून होते आणि हालचालीमुळे तो द्रव सर्वत्र पोहोचतो. कोणती हालचाल, किती करावी, हे तज्ज्ञांकडून शिकून घ्यावे. वेदना होईल तेथे थांबावे.

आईचे दुखणे ओसरायला कित्येक महिने लागले. उजवा हात अजूनही वेणीपर्यंत पोहोचत नाही. पण आता मी जवळ गेले, की ती हात पुढे करीत नाही. आधी डावे पाऊल मागे घेते आणि उजव्यासाठी माझ्याकडे पाहते.