अंतुराच्या पायऱ्यांवर

बैरूतला जाऊन आलेले लोक दोनच गोष्टी सांगतात, हमस आणि नाइटलाइफ. पहिले दोन दिवस मीही तेच केलं. पण बॅगेत कार्निग पानियान यांचं आठवणींचं पुस्तक होतं. म्हणून मे 2023 मधल्या त्या ट्रिपमध्ये तिसऱ्या दिवशी शेअर टॅक्सीने जुनियेहच्या वरच्या डोंगरात अंतुराला गेले.

इथे फ्रेंच पाद्र्यांची जुनी शाळा आहे, सेंट जोसेफ. अगदी पोस्टकार्डासारखी. पहिल्या महायुद्धात ऑटोमन सरकारने ती ताब्यात घेतली आणि तिथे अनाथालय काढलं. काम एकच, आर्मेनियन पोरांना तुर्की बनवायचं.

कार्निग गुरुनचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला. जन्म 1910. 1915 मध्ये गावच्या गाव हाकलून दिलं. सीरियात हमाजवळच्या छावणीत आई गेली, भावंडं गेली. हा उरला आणि इथे पोचला. नाव काढून घेतलं. त्याऐवजी एक नंबर आणि एक तुर्की नाव. (आपल्याही आयडी कार्डावर नंबर असतो, पण वर नाव असतं!) आर्मेनियन बोललं की तळपायांवर फटके. तरीही पोरं आपसात तीच भाषा बोलायची. भूक एवढी, की मेलेल्या मुलांची उघडी पडलेली हाडं कुटून खाल्ली, असं पानियान लिहितात. हे पान मी बैरूतच्या कॅफेत वाचलं. समोरचं सँडविच तसंच राहिलं.

काही काळ हे सगळं सांभाळत होत्या हलिदे एदिब. तुर्कस्तानातल्या नावाजलेल्या लेखिका आणि स्त्रीहक्कांच्या पुरस्कर्त्या! 1935 मध्ये दिल्लीच्या जामिया मिलियात व्याख्यानं द्यायला आल्या, गांधीजींनाही भेटल्या. हे पचायला मला जड गेलं. अजूनही जातंय.

ज्या पायऱ्यांवर उभं राहून जमाल पाशाने फोटो काढून घेतला, त्या अजून आहेत. मी त्यांवर बसले नाही. सुमारे 300 मुलं इथे मेली. 1993 मध्ये खोदकामात हाडं सापडली, ती पाद्र्यांच्या छोट्या दफनभूमीत पुरली आहेत. तिथे दहा मिनिटं थांबले.

1918 मध्ये तुर्की अधिकारी पोरांना तसंच टाकून निघून गेले. मागून अमेरिकन मदतपथक आलं. कार्निगने आपलं नाव परत घेतलं. पुढे बैरूतच्या आर्मेनियन शाळेत ते अनेक वर्षं उपमुख्याध्यापक होते. 1989 मध्ये गेले.

संध्याकाळी बुर्ज हम्मूद या आर्मेनियन वस्तीत उतरले. दुकानांच्या पाट्या आर्मेनियन लिपीत. एक अक्षर कळलं नाही. गरम लाहमाजून घेतलं आणि पाट्या बघत चालत राहिले.