अढी आणि सूर्य

कला शाखेच्या विद्यार्थिनीने अणूवर का लिहावे, असे कोणी विचारील. शेजारच्या राजापूर तालुक्यातील जैतापूरच्या नियोजित प्रकल्पावरून इतकी वर्षे वाद झाला की, ‘अणु’ हा शब्द आमच्या लांज्यात शाळेची पायरी न चढलेल्यांनाही ठाऊक आहे. पण तो प्रकल्प अणू फोडण्याचा. सूर्य अणू जोडतो. हे जोडणे माणसाला साधेल काय, या प्रश्नाने मला वर्षभर पछाडले आहे.

आमच्या घराण्यात महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. जी विद्या घरी बोलता येत नाही, ती मला परकी वाटते. म्हणून हा विषय मी आईला सांगायचे ठरविले. ती हंगामात आंब्याच्या बागेत मजुरीला जाते. अढी घालण्यात तिचा हात कोणी धरणार नाही.

कॅलिफोर्नियात लिव्हरमोर येथील प्रयोगशाळेत मिरीच्या दाण्याहून लहान गोळीत जड हायड्रोजन भरतात. भोवतालच्या धातूच्या नळकांड्यात १९२ लेसर किरण सोडले की क्ष-किरण उठतात, गोळी चहूबाजूंनी दबते आणि तिचा गाभा सूर्याच्या गाभ्याहून तप्त होतो. हे सारे सेकंदाच्या काही अब्जांश भागांत! अडचण अशी की, नीट पेटण्याआधीच चपळ इलेक्ट्रॉन ती ऊब घेऊन बाहेर पळतात.

अढीतला पेंढा स्वतः तापत नाही. आंब्याची ऊब आंब्यापाशी राखतो. पण कोट्यवधी अंशांत कोणता पेंढा टिकणार? तेथे चुंबकीय क्षेत्र कामी येते. इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषेभोवती गिरक्या घेत राहतो. रेषेच्या दिशेने त्याला वाट मोकळी असते, पण ती ओलांडणे कठीण जाते. शिवाय गोळी दबताना रेषाही दाटतात आणि क्षेत्र अनेक पटींनी वाढते.

अमेरिकेतील रोचेस्टर येथे २०११ साली या युक्तीने संमीलन सुमारे ३० टक्क्यांनी वाढले. लिव्हरमोरच्या २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात २६ टेस्लांचे क्षेत्र लावताच तापमान सुमारे ४० टक्क्यांनी चढले आणि संमीलन तिपटीवर गेले.

आईने सारे ऐकून एकच विचारले, “घातलं किती नि गावलं किती?”

शास्त्रज्ञांचाही प्रश्न हाच! ५ डिसेंबर २०२२ रोजी लिव्हरमोरला, चुंबकाविना, २०.५ लाख ज्यूल लेसर-ऊर्जा घालून ३१.५ लाख ज्यूल मिळाली. पण ते लेसर चालविण्यास सुमारे ३० कोटी ज्यूल वीज लागली. चुंबकाचे प्रयोगही साध्या वायूच्या गोळ्यांवरचे. हिशोब अजून तोट्यातच आहे.

डॉ. होमी भाभा यांनी १९५५ साली जिनिव्हा परिषदेच्या अध्यक्षपदावरून, दोन दशकांत ही ऊर्जा काबूत येईल, असे भाकीत केले होते. ती मुदत केव्हाच टळली. त्यांनीच स्थापिलेल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जी. रवींद्र कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेसरच्या माऱ्याने आपोआप उपजणाऱ्या प्रचंड चुंबकीय क्षेत्रांचा अभ्यास केला. म्हणजे मुदत टळली तरी काम थांबलेले नाही.

भाकितापेक्षा मला आईचा हिशोब जवळचा वाटतो. तो मांडायला पदवी लागत नाही. आपल्या भाषेत सांगणारा मात्र कोणीतरी लागतो. विज्ञान शाखेच्या मित्रांनो, पुढच्या अंकात तुमची वाट पाहते.