म्हापसा ते बांबोळी

बारदेशातील म्हापशाचा बाजार पाहावा तो शुक्रवारीच. मयड्याची लांबलचक केळी, सुक्या मिरच्यांच्या राशी, माळांप्रमाणे टांगलेले चोरीस, मातीची मडकी, आणि ह्या सर्वांवर दरवळणारा सुक्या मासळीचा वास! घाटावरून प्रथमच उतरलेल्या पाहुण्याने येथे अर्धा दिवस सहज घालवावा, आम्हीही घालविला. परंतु आमच्या येण्याचा हेतू निराळा होता. ह्याच गावी १९८९ साली एका तरुणास, त्याच्या रक्तात एचआयव्हीचा विषाणू आढळला एवढ्याच कारणास्तव, कोंडून ठेविले होते. आज तोच विषाणू अंगी असलेली माणसे बांबोळीच्या सरकारी रुग्णालयातून औषधे घेऊन आपापल्या घरी परततात. ह्या दोन ठिकाणांमधील वाट एकदा चालून पाहावी, असे आम्ही योजिले होते.

तो तरुण म्हणजे पर्रा गावचा डॉमिनिक डिसोझा. म्हापशाहून कळंगुटच्या रस्त्यास लागले की थोड्याच वेळात पर्रा येते. दुतर्फा उंच माडांच्या रांगा, उन्हाळ्यात पिकणारी नामांकित कलिंगडे, आणि संत अन्नाचे ख्रिस्तमंदिर. डॉमिनिक नेमाने रक्तदान करीत असे. रक्तदानाच्या त्या पुण्यकृत्यातूनच त्याचा आजार सरकारला कळला. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी पोलिसांनी त्याला नेले आणि म्हापशातील एका जुन्या क्षयरोग-रुग्णालयात एकटे ठेविले. त्या वेळच्या गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यान्वये अशा रुग्णास अलग ठेवणे सक्तीचे होते.

चौसष्ट दिवस तो तेथे होता. आम्ही त्या वर्षीचे पंचांग मनाशी जुळवून पाहिले. राखेचा बुधवार नुकताच होऊन गेला होता. म्हणजे जवळजवळ संपूर्ण उपवासकाळ त्याने त्या भिंतींआड काढला. झावळ्यांचा रविवार गेला, २६ मार्चला ईस्टर आला आणि गेला. ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी म्हापशाला मिलाग्रिस सायबिणीचे फेस्त भरते. हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही हाती तेल घेऊन तिच्यापुढे रांगेने उभे राहतात. त्या वर्षीही उभे राहिले असतील, आणि त्याच गावात, हाकेच्या नव्हे तरी चालण्याच्या अंतरावर, एक आजारी ख्रिस्ती मुलगा कुलपाआड होता.

त्याची आई ल्युसी ह्या माउलीने उच्च न्यायालयात दाद मागितली. डॉमिनिक सुटला, तरी पुढील निकालात न्यायालयाने विलगीकरणाचे तत्त्व उचलूनच धरले. हे वाचून आजच्या वाचकास नवल वाटेल, पण भीती केवळ अडाण्यांच्याच घरी वसते असे थोडेच आहे! डॉमिनिक नाटकात काम करणारा होता. इझाबेल वाझ ह्यांच्या ‘मस्टर्ड सीड’ नाट्यमंडळीशी त्याचा संबंध होता. मोहरीच्या दाण्याचे ते नाव आम्हांस मोठे अर्थपूर्ण वाटले. सुटकेनंतर तो लपून राहिला नाही. आपल्यासारख्यांच्या वतीने तो उघडपणे बोलला, आणि त्याच्या प्रयत्नांतून १९९२ साली ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी राहिली. त्याच वर्षी मे महिन्यात, ऐन तारुण्यात, त्याचे देहावसान झाले. रोगाला खरा आवर घालणारी संयुक्त औषधयोजना जगात आली ती १९९६ च्या सुमारास. त्याच्यासाठी ती चार वर्षे उशिरा आली.

म्हापशाहून मोटार मांडवीचा पूल ओलांडते, पणजी मागे टाकते आणि बांबोळीचा चढ चढू लागते. टेकडीवरचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय १८४२ सालच्या पोर्तुगीज वैद्यकशाळेचा वारसा सांगते. येथील एआरटी केंद्रात एचआयव्हीची औषधे विनामूल्य मिळतात. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने ही सोय सुरू केली. त्यापूर्वी ती औषधे श्रीमंतांनाच परवडत. आज बहुतेकांस दिवसातून एकच गोळी पुरते. तीत तीन औषधे एकवटलेली असतात. ती न चुकता घेतल्यास रक्तातील विषाणू इतका घटतो की चाचणीतही सापडत नाही, आणि तसा तो घटलेला राहिला तर पतिपत्नीच्या संबंधांतूनही त्याचा प्रसार होत नाही. औषध घेणाऱ्या मातेच्या पोटी बहुधा निरोगी बालके जन्मतात.

म्हणून प्रश्न आता पुढे सरकला आहे. पूर्वी रुग्ण किती दिवस जगेल हे विचारीत. आता तो म्हातारा होणार, तेव्हा कसा जगेल हे पाहावयाचे. रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडे, हाडांचा ठिसूळपणा ह्यांची वेळोवेळी तपासणी व्हावी लागते. क्षयाची चाहूल लवकर घ्यावी लागते. स्त्रियांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी टाळू नये, कारण त्यांस तो धोका अधिक. तंबाखू सुटली तर फारच उत्तम. एवढे सर्व वैद्य पाहू शकतात. मनाचा एकटेपणा मात्र त्यांच्या चिठ्ठीत मावत नाही.

रुग्णालयाजवळ महामार्गालगत ‘फुलांचो खुरीस’ आहे. सर्व धर्मांचे लोक तेथे फुले वाहतात. तेथील सावलीत एक प्रौढ बाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बेळगावची गाडी कोठे थांबते, एवढेच त्यांनी विचारले. आम्ही पर्ऱ्याहून आल्याचे व डॉमिनिकची हकिकत सांगितल्यावर त्या काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “भाऊ, औषध आमच्याकडंबी मिळतंय. पण तिथं रांगेत गावचं माणूस भेटतंय. म्हणून मी इथवर येते.”

घरी कोणास ठाऊक आहे काय, असे आम्ही विचारले.

“जाऊबाईला कळलंय. तेव्हापासनं माझं ताट वेगळं. पोरांना सांगितलंय, मोठ्या आईला दातदुखी आहे म्हणून.”

गोळ्यांच्या बाटलीवरचा कागद त्या वाटेतच सोलून टाकीत, आणि बाटली खुळखुळू नये म्हणून गोळ्या काढून रुमालात बांधीत. आमच्या जिवाला हे लागले. बाटलीत ओल शोषणारी एक लहान पुडी असते ती उगीच नव्हे. पावसाळ्याच्या दमट हवेत उघड्या गोळ्या खराब होतात. आम्ही त्यांस सांगितले की कागद काढा हवा तर, पण गोळ्या बाटलीतच राहू द्या, आणि खुळखुळ होत असेल तर बाटलीलाच तो रुमाल गुंडाळा. हेही सांगितले की २०१७ च्या कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला, अशा माणसास नोकरी, शाळा वा उपचार नाकारणे निषिद्ध आहे, आणि त्याची गोष्ट त्याच्या संमतीवाचून दुसऱ्यास सांगणेही.

“कायदा ताटाला लागतोय काय, भाऊ?” त्यांनी विचारले.

त्यावर आम्हांजवळ उत्तर नव्हते. ताटावाटे, एका पेल्यातील पाण्यावाटे, मिस्सेत शांतीचे अभिवादन करताना हातात हात दिल्याने वा डास चावल्याने हा विषाणू जात नाही, हे त्या बाईंना आमच्याहून चांगले ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते त्यांच्या जाऊबाईंना, आणि त्या तर घाटापलीकडे होत्या.

गाडी आली. बाईंनी खुरसाला हात जोडले आणि पिशवीतली बाटली साडीच्या घडीत नीट खुपसली. रुमाल बेळगावला उतरल्यावर गुंडाळीन, असे त्या खिडकीतून म्हणाल्या.