गाभाऱ्याची गळती

कॉव्हेंट्रीतल्या मोटार कंपनीत नोकरी करणाऱ्या मुलाने वॉरविकशायरमधल्या एका खेड्यात घर पसंत केलं. साताऱ्याहून चार महिन्यांसाठी आलेल्या त्याच्या आईलाही ते पाहताक्षणी आवडलं. विटांच्या भिंती, मागे सफरचंदाचं झाड, हाकेच्या अंतरावर जुनं दगडी चर्च. मालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या. घर 1979 पासून त्यांच्या नावावर. आता गुडघे साथ देईनात म्हणून लेकीकडे राहायला निघालेल्या.

कर्ज मंजूर झालं आणि सॉलिसिटरचा अहवाल आला. सगळं ठीक होतं, एक ओळ सोडून. या पॅरिशमधल्या काही जमिनींवर चर्चच्या ‘चॅन्सल’च्या दुरुस्तीचा बोजा असू शकतो!

चॅन्सल म्हणजे चर्चमधला वेदीचा भाग, आपल्या देवळाच्या भाषेत गाभारा. जुना रिवाज असा की सभामंडप गावकऱ्यांनी सांभाळायचा आणि गाभारा रेक्टरने, कारण गावच्या पिकाचा दशांश त्याला मिळे. पुष्कळ ठिकाणी हे रेक्टरचे हक्क मठांकडे गेले होते. आठव्या हेन्रीने 1536 ते 1540 या काळात मठ मोडले आणि त्यांच्या जमिनी, दशांशाचे हक्क खासगी लोकांच्या हाती गेले. उत्पन्नाबरोबर दुरुस्तीची जबाबदारीही गेली. पुढे जमिनींचे तुकडे पडले, त्यांवर घरं उठली, दशांश इतिहासजमा झाला. जबाबदारी तेवढी जमिनीला चिकटून राहिली.

मुलगा हसला. “आई, पाचशे वर्षांपूर्वीच्या राजाचं बिल मी भरू?”

आईला हसू आलं नाही. सातबाऱ्यावरच्या ‘इतर हक्कां’नी भल्याभल्यांची झोप उडवलेली तिने पाहिली होती. “कागदावर आहे ना? मग कोणीतरी कधीतरी मागणारच.”

सुनेने शोध घेतला आणि संध्याकाळी ती गंभीर चेहऱ्याने जेवायला बसली. मागणारे निघाले होते आणि तेही याच वॉरविकशायरमध्ये. ॲस्टन कँटलो हे ते गाव. शेक्सपियरच्या आई-वडिलांचं लग्न तिथल्या चर्चमध्ये लागलं असं परंपरेने सांगतात. तिथल्या एका शेतकरी दांपत्याकडे बायकोच्या माहेरकडून आलेलं शेत होतं. खरेदीखतात गाभाऱ्याच्या दुरुस्तीचा उल्लेख होता, पण ‘अजून लागू असेल तर’ अशा मोघम पुस्तीसह. जुन्या दस्तांत अशी कलमं असायचीच, कोण मनावर घेतो?

1994 मध्ये चर्चने 95 हजार पौंडांची मागणी केली. दांपत्य कोर्टात गेलं. 2001 मध्ये अपील कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. 2003 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌सने तो फिरवला. 2007 मध्ये रक्कम ठरली सुमारे 1 लाख 87 हजार पौंड, वर कर, आणि कोर्टकचेरीचा खर्च वेगळाच. अखेर 2009 मध्ये शेत लिलावात गेलं.

“गावातल्याच लोकांनी गावातल्या माणसाला असं धुतलं?” आईने विचारलं.

“त्यांचाही इलाज नव्हता, आई. पॅरिशची समिती म्हणजे विश्वस्त. हक्काचा पैसा सोडून दिला तर त्यांनाच जाब द्यावा लागला असता.”

हा कायदा रद्द करावा, अशी शिफारस इंग्लंडच्या विधी आयोगाने 1985 मध्येच केली होती. ती तशीच पडून राहिली. झाला तो अर्धामुर्धा बदल. 13 ऑक्टोबर 2013 पूर्वी चर्चने आपला हक्क लँड रजिस्ट्रीत नोंदवावा, नाहीतर त्यानंतर किंमत देऊन घर घेणाऱ्यावर तो बोजा राहणार नाही, असं ठरलं. वारशाने किंवा बक्षीस म्हणून घर मिळालं तर मात्र ही सूट नाही. आणि मेख पुढेच होती. 2013 नंतर या घराची ही पहिलीच विक्री. रजिस्टर कोरं होतं, पण मुलाचं नाव लागेपर्यंत चर्चला नोंद करता येत होती.

त्यावर सॉलिसिटरने सुचवला विमा. काही पौंडांचा, एकदाच भरायचा हप्ता. उद्या बिल आलंच तर कंपनी भरणार. अट एकच. चर्चकडे कसलीही चौकशी करायची नाही. केली की पॉलिसी रद्द.

आईला हे पटेना. तिने जन्मभर शाळेत शिकवलं होतं. शंका आली तर विचारावं, हेच मुलांना सांगितलं होतं. “त्या पाद्रीबाबांना सरळ विचारू या ना! साधा माणूस दिसतो.”

“आई, तुम्ही विचारलंत तर त्यांना वह्या काढाव्या लागतील,” सून म्हणाली. “आणि बोजा निघाला तर तो आज कोणाच्या डोक्यावर आहे? त्या आजींच्या.”

आई गप्प झाली. विमा उतरवणं शहाणपणाचं होतं, त्यात वाद नाही. पण न विचारण्याचे पैसे भरायचे, हा व्यवहार तिच्या गळी उतरला नाही तो नाहीच.

विमा उतरवला गेला. ताबा मिळायला तीन आठवडे होते. एका रविवारी घर बाहेरून बघायला सगळे गेले, तेव्हा आई फिरत फिरत चर्चमध्ये शिरली. वेदीच्या वर, छताच्या तुळईजवळ ओलीचा मोठा डाग होता. खाली प्लास्टिकची बादली ठेवलेली. दाराशी छप्पर दुरुस्तीची पेटी. तिने पाच पौंडांची नोट घडी करून आत सरकवली.

मागून पाद्रीबाबा आले. हसून त्यांनी नमस्कारासारखे हात जोडले आणि विचारलं, गावात नवीन दिसता, कोणतं घर घेताय?

तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईंनी मान हलवली. “नो इंग्लिश,” त्या म्हणाल्या आणि लगबगीने बाहेर पडल्या.