अवदसा

आमच्या घरात कोणी भलतेसलते मनात आणले की आजी म्हणते, "काय अवदसा आठवली?" धाकट्या भावाने भर पावसात विहिरीवर पोहायला जायचे म्हटले, तेव्हा त्याला अवदसा आठवली होती. वडिलांनी उसनवारी करून कांदा लावला आणि भाव पडला, तेव्हा त्यांनाही ती आठवली होती. गेल्या वर्षी बी. ए.चा फॉर्म भरायला मी निघाले आणि माझी पाळी आली. "रोज एस.टी.नं तालुक्याला जायची ही कुठली अवदसा आठवली गं तुला?"

शब्द मनाला लागला. पुढे ग्रंथालयात कोश उघडून त्याची फोड पाहिली. 'अव' म्हणजे खालचे, वाईट. अवगुण, अवकृपा यांतला. 'दशा' म्हणजे स्थिती. बोलता बोलता 'श'चा 'स' झाला आणि अवदशेची अवदसा झाली. खरे पाहता नुसत्या 'दशे'त वाईट काही नाही. पण चांगल्या स्थितीला आपण दशा म्हणतो कुठे? "काय दशा झाली!" म्हटले की डोळ्यांपुढे हालच उभे राहतात.

आणखी एक गंमत दिसली. दुर्दैव, अरिष्ट, संकट हे पुस्तकी शब्द नपुंसकलिंगी. घरात तोंडी असणाऱ्या अवदसा, पीडा, ब्याद, साडेसाती मात्र साऱ्या स्त्रीलिंगी! अवदसेला तर अक्काबाई असे नावही आहे. ती लक्ष्मीची थोरली बहीण, अलक्ष्मी. घराची धूळधाण झाली की 'अक्काबाईचा फेरा आला' म्हणतात.

पण मी अडले ती क्रियापदापाशी. संकट येते, कोसळते, ओढवते. अवदसा मात्र 'आठवते'. जे कधी ठाऊकच नव्हते ते आठवेल कसे?

दिवाळीच्या सुट्टीत आजी शेंगा फोडत बसली होती. तिलाच विचारले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग १९७२ च्या दुष्काळाचे सांगू लागली. तेव्हा ती दहा वर्षांची, चौथीत होती. विहिरी आटल्या. शाळा सोडून ती आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. तिथे सुकडी मिळायची, घरी लाल मिलोच्या भाकरी. पुढच्या वर्षी पाऊस झाला. आजीने पाटी धुऊन काढली आणि शाळेत जाते म्हणाली. तेव्हा तिची आई म्हणाली होती, "आता ही कुठली अवदसा आठवली तुला?"

पाटी पुन्हा फळीवर गेली.

"मग तू मला तेच का म्हणालीस?" मी विचारले.

आजीने शेंगांची टरफले सुपात गोळा केली. "असं कुणी शिकायचं म्हणलं, तर दुसरं काय म्हणायचं असतं, ते मला कुणी सांगितलंच नव्हतं," ती म्हणाली.

मला तिचा राग आला नाही. आमच्या घरात इच्छेला वेगळा शब्दच नव्हता. जी इच्छा परवडत नाही तिला अवदसा म्हणत आलो, एवढेच.

परवा परीक्षेला निघाले, तेव्हा आजीने भाकरी फडक्यात बांधून दिली. शेजारच्या काकूंनी विचारले, "पोरगी एवढ्या सकाळी कुठं चालली?"

"कालेजात," आजी म्हणाली. "अवदसा आठवलीय तिला." आणि माझ्याकडे बघून हसली.